आडवं घासलेलं टोक

माझ्या साडूने मला फसवलं. हे सुरुवातीलाच सरळ लिहून टाकतो, म्हणजे पुढे कोणाच्या मनात शंका राहायला नको. सुरतेत मला मिलवाल्यांनी फसवून बघितलं, भंगारवाल्यांनी बघितलं, एका वास्तुवाल्यानेही बघितलं. सगळे आल्या पावली परत गेले. मला पुरता फसवून गेलेला माणूस जगात एकच, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. संताप यायचा भाग असा, की मला फसवून त्याला स्वतःला दमडीचा फायदा झाला नाही. अरे, फसवायचंच तर निदान स्वतःसाठी तरी फसव! याने ज्याच्यासाठी मला बुडवलं, त्या माणसाचं नावसुद्धा याला माहीत नव्हतं. नात्याने तो मोठा, म्हणून समोर मी त्याला साडूभाऊ म्हणतो आणि अहो-जाहो करतो. लिहिताना करणार नाही. तेवढा तरी सूड मला घेऊ द्या.

माझं उधन्याला छोटं वर्कशॉप आहे. डाइंग मिलला लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, पाइप, हौद आम्ही बनवतो. धुळ्याकडून आलो तेव्हा लिंबायतमध्ये लूमखात्यात बॉबिन भरत होतो. तिथून इथवर कोणाचा हात धरून आलेलो नाही, प्रत्येक पायरीवर भाव करत आलो. आमच्या जोडकामाला कारागीर आर्गन वेल्डिंग म्हणतात, शिकलेले टिग म्हणतात. वेल्डरच्या हातातल्या टॉर्चमध्ये टंगस्टनची काडी असते, पेन्सिलीतल्या शिशासारखी. तिच्या टोकातून विजेची ज्योत निघते, तिला आर्क म्हणतात. त्या आर्कने समोरचं स्टील वितळतं, काडी वितळत नाही. टोक नीट घासलेलं असलं तर आर्क एका जागी ठाम उभी राहते, वाईट घासलेलं असलं तर इकडेतिकडे भटकते आणि जोड बिघडतो. झालं. यात समजण्यासारखं जे आहे ते एवढंच. शहाणा माणूस हे ऐकतो, मान हलवतो आणि कामाला लागतो. माझ्या साडूने त्यावर संसार मांडला.

हा मूळचा हिऱ्यातला. वराछाच्या एका कारखान्यात घंटीवर बसायचा. घंटी म्हणजे मधोमध फिरतं चाक असलेलं टेबल. भोवती कारागीर बसतात आणि हिरा घासतात. पांढरा शर्ट, खिशात भिंगाचं आयग्लास, आणि चालताना असा रुबाब की सगळी सुरत याच्याच चिमट्यात धरलेली आहे. मग हिऱ्यात मंदी आली, कारखान्याला कुलूप लागलं, आणि माझी बायको सकाळच्या चहाबरोबर म्हणाली, "ताईच्या घरात बघवत नाही. भाऊजींना तुमच्याकडे बफिंगला ठेवा. मंदी संपली की जातील." बफिंग म्हणजे स्टीलला चकाकी आणायचं काम. घासण्याचा हात होताच, म्हणून ठेवला. मंदी कधी संपली, परत कधी आली, परत कधी गेली, मला माहीत नाही. हा गेला नाही. दर दिवाळीला मात्र म्हणायचा, "पाव्हणं, यंदा हिऱ्यात परत जायचा विचार आहे." जसा काही मी याला दोरीने बांधून ठेवला होता!

बफिंगला आलेला माणूस टंगस्टनवर कसा गेला, तेही सांगतो. आमच्याकडे एकच ग्राइंडर होता. त्यावर लोखंड घासायचं, छिन्नी घासायची आणि टंगस्टनची काडीही घासायची. कोणाचं काही अडलं नव्हतं. याने एक दिवस आमच्या वेल्डरला काडी घासताना बघितलं आणि कोणी देवळात चपला घालून शिरावं तसा चेहरा केला. "छिन्नीच्या चाकावर? लोखंडाची घाण चिकटते तिला!" दुसऱ्या दिवशी स्वतःहून काडी घासून आणली. आणि काय घासून आणली! हिऱ्याचा हात तो. टोकाला आठ पैलू पाडले होते. चमकत अशी होती की त्या वेळी टाकी न्यायला आलेला मिलवाला म्हणाला, "आ तो वींटी मां जडाय एवुं छे." अंगठीत जडवण्यासारखी! साडूची छाती फुगली. वेल्डरने काडी टॉर्चमध्ये बसवली, आर्क लावली, आणि आर्क त्या आठ पैलूंवरून अशी भिरभिरली की वेल्डरने घाबरून टॉर्च सोडून दिली. आम्ही पोट धरधरून हसलो. तो हसला नाही. काडी उचलून त्याने आयग्लास लावलं, बराच वेळ बघितली आणि म्हणाला, "हिला पैलू नको. हिला उतार पाहिजे."

त्या दिवसापासून वर्कशॉप माझं आणि काड्या त्याच्या. बंद पडलेल्या कारखान्यातली एक जुनी घंटी त्याने भंगारातून उचलून आणली. त्यावर हिऱ्याची पूड बसवलेलं चाक चढवलं आणि मागच्या कोपऱ्यात खिडकीखाली गादी केली. त्या चाकाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी मालक, मीही नाही. एकदा घाईत मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवलं, तर याने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, आणि चाक बायका तांब्याची भांडी घासतात तसं घासून काढलं. काडी घासायची ती उभी, म्हणजे तिच्यावर पडणाऱ्या रेषा टोकाकडे धावल्या पाहिजेत. आडवी धरून घासली की रेषा काडीभोवती बांगडीसारख्या पडतात आणि आर्क त्या बांगड्यांतून वाट चुकते, हा त्याचा धर्म. एवढं करून सुईसारखं टोक आणलं, की मग हा वेडा ते टोक जरासं मोडायचा! चाकाला सरळ टेकवून अगदी कणभर सपाट करायचा. मी विचारलं, "साडूभाऊ, बनवता कशाला आणि बिघडवता कशाला?" तर म्हणतो, "पाव्हणं, आर्कला उभं राहायला जागा नको? सुईवर कोण उभं राहतं? फार टोकदार ठेवलं की टोक तुटतं आणि जोडात जाऊन बसतं."

हे वेड घरी नेलं नसतं तरी मी गप्प बसलो असतो. कोसाडला त्याच्या कॉलनीत परीक्षेच्या दिवसांत मुलं पेन्सिली घेऊन यायची. हा प्रत्येक पेन्सिलीला सुरेख लांब टोक काढायचा, मूल खूश व्हायचं, आणि मग हा ते टोक फरशीवर टेकवून सपाट करून द्यायचा. मुलं भोकाड पसरत घरी जायची. बायकोने विळी पुढे केली तर म्हणायचा, "ती धार आहे. मी टोकं करतो." घरात असा कारागीर असून माझी मेहुणी सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडून विळीला धार लावून घेते, आणि वर मलाच सांगते, "तुमच्या साडूंचा हात फार नाजूक आहे हो!"

वेल्डरांचा तर त्याने छळच मांडला. घासलेल्या काड्या तो हिऱ्यासारख्या कागदाच्या पुडीत बांधायचा, त्याच त्या हिरेवाल्यांच्या घडीत. देताना पुडी ट्यूबलाइटखाली पांढऱ्या कागदावर उघडायची, वेल्डरने माल बघायचा, मान हलवायची, मग उचलायचा. वेल्डिंग करताना काडीचं टोक वितळलेल्या स्टीलला लागलं तर ते खराब होतं. याला आम्ही 'काडी बुडवली' म्हणतो. सगळीकडे बुडवतात, नवी लावतात. आमच्याकडे ज्याने बुडवली त्याने ती स्वतः घेऊन या महाराजांसमोर उभं राहायचं. "बुडवलीस?" "हो काका." "कशी बुडवलीस?" आता कशी बुडवतात? हात हलला! पण नाही, हात का हलला, सकाळी नाश्ता केला होता का, घरी भांडण झालं का, इथवर चौकशी. पोरं घाबरून बुडवलेल्या काड्या पत्र्यावर फेकायला लागली. हा शिडी लावून पत्र्यावर चढला आणि सगळ्या वेचून आणल्या. एकेकीचं खराब टोक मोडताना चेहरा असा, की मला वाटलं आता सुतक पाळायला लावतो.

पण त्याचा सर्वांत मोठा अवगुण मला बाजारात कळला. काड्यांचा नवा लॉट घ्यायला मी त्याला एका दुकानात नेलं. भाव कसा करतात हे ज्याला शिकायचं असेल त्याने माझ्याबरोबर यावं. मी माल हातात घेऊन नाक मुरडलं. दुसऱ्या दुकानाचा भाव सांगितला. पायरी उतरलो. दुकानदाराने हाक मारली, परत चढलो. परत उतरलो. गडी आता पडणार, अगदी तोंडावर आला होता, आणि मागून आवाज आला, "वा! काय माल आहे!" वळून बघतो तर हा आयग्लास डोळ्याला लावून काडीकडे बघतोय, आणि चेहऱ्यावर नवस फेडल्याचं समाधान. दुकानदार हसला. त्यानंतर तो एक पैसा खाली आला नाही. रस्त्यावर आल्यावर मी म्हणालो, "घेणाऱ्याने मालाला चांगलं म्हणायचं नसतं हो!" तो म्हणाला, "पण चांगला होता." या माणसाशी वाद घालता येत नाही. भिंतीशी घातलेला बरा, भिंत निदान वर तोंड करून खरं बोलत नाही.

आता मुख्य गोष्ट. मिलवाल्यांची कामं करून मी विटलो होतो. मिलवाला टाकी आज मागतो आणि पैसे मागितले की मालक फिरतीवर आहे म्हणून वर्षभर सांगतो. मला डेअरीची कामं हवी होती. दुधाचे पाइप जोडायचे म्हणजे आतून जोड आरशासारखा लागतो, जराशी खाच राहिली तर त्यात दूध नासतं. ज्याला डेअरीचं काम मिळालं त्याला पुढे कोणी 'मिलवाला फॅब्रिकेटर' म्हणून ओट्यावर बसवून ठेवत नाही, आत खुर्ची देतात. वर्षानुवर्षं मी त्या खुर्चीकडे डोळे लावून होतो. हायवेवर एका नव्या डेअरीचं काम निघालं. गाळून गाळून शेवटी दोघं उरलो, मी आणि कडोदऱ्याचा एक फॅब्रिकेटर. हा तोच, ज्याने पूर्वी माझ्या हाताखाली तयार झालेला वेल्डर फोडून नेला होता. त्याचं नाव घेऊन मी कागद खराब करत नाही. डेअरीच्या इंजिनियरने सांगितलं, दोघांनी इथे येऊन माझ्यासमोर पाइप जोडा. मी जोड उभा कापून आतून बघणार.

मी, माझा वेल्डर आणि साडू, असे व्हॅनमधून गेलो. साडूला मीच नेलं, स्वतःच्या पायाने खड्ड्यात जाणं म्हणतात ते हेच. आमचा जोड आधी झाला. साडूने पुडी उघडली, आमच्या वेल्डरने मान हलवून काडी उचलली, आणि जोड असा उतरला की इंजिनियर दोनदा 'सरस' म्हणाला. मग कडोदऱ्याच्या वेल्डरची पाळी. हा नवाच कोणी होता. त्याची आर्क पहिल्यापासून भटकत होती. तो थांबला, काडी काढली आणि हातातल्या ग्राइंडरवर घासायला लागला. माझ्या शेजारी साडूच्या घशातून आवाज आला, कोणी त्याचाच पाय दारात चेमटल्यासारखा.

"अहो, आडवी घासतोय तो," तो कुजबुजला.

"घासू द्या."

"अहो पण आडवी!"

"साडूभाऊ, देव त्याला अशीच घासायची बुद्धी देवो. तुम्ही गप्प उभे राहा."

तेवढ्यात माझा फोन वाजला. एका मिलवाल्याचा होता, त्याची टाकी गळत होती. मी शेडच्या बाहेर आलो, त्याला चार शब्द सुनावले आणि आत गेलो. आत काय बघतो? माझा साडू जमिनीवर मांडी घालून बसलेला. पिशवीतून त्याने आपला छोटा हातग्राइंडर काढलेला, हिऱ्याच्या चाकाचा, जो तो लग्नालासुद्धा बरोबर नेतो. आणि माझ्या दुश्मनाची काडी, उभी, रेषा टोकाकडे, शेवटी कणभर सपाट, आयग्लास लावून तपासून, त्या वेल्डरच्या हातात देतोय. "घे. आता लाव. बघ कशी उभी राहते." वर आणखी काड्या पुडीत बांधून त्याच्या खिशात घालतोय! मी ओरडणार होतो, पण इंजिनियर बघत होता. आर्क लागली. उभी राहिली. जोड उतरला. दोन्ही पाइप कापून इंजिनियरने शेजारी शेजारी ठेवले, आत बॅटरीचा उजेड मारून बघितले, आणि म्हणाला, "बन्ने सरखा छे." दोन्ही सारखेच. सारखे असणारच! दोन्ही टोकं एकाच गाढवाने घासली होती. जोड सारखे म्हटल्यावर भाव बघितला गेला, आणि कडोदऱ्याचा भाव माझ्या खाली होता. काम त्याला गेलं.

व्हॅन हायवेला लागली. मग मी विचारलं, "का?"

"टोक वाईट होतं," तो म्हणाला.

"माणूस कोणाचा होता, ते बघितलं का?"

"माणूस कुठे बघत होतो मी? टोक बघत होतो."

इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. कडोदरा चौकडी, म्हणजे तिथला मोठा चौक, येईपर्यंत पुरलं, एवढं सांगतो. चौकडीला व्हॅन थांबवली आणि म्हणालो, "उतर खाली. जा त्याच्याकडेच." तो पिशवी घेऊन उतरला. मला वाटलं आता तरी काही बोलेल, माफी मागेल, नाहीतर शिवी तरी देईल. त्याने खिडकीत वाकून सांगितलं, "शेठ, घंटीवर कालच्या बुडवलेल्या काड्या पडल्यात. पोरांना आडव्या घासू देऊ नका." आणि रिक्षांच्या गर्दीत दिसेनासा झाला. इतर वेळी मला तो चारचौघांत शेठ म्हणायचा आणि एकट्यात पाव्हणं. त्या दिवशी वेल्डर मागच्या सीटवर होता, म्हणून शेठ म्हणाला असेल.

दुसऱ्या दिवशी तो कामाला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बायकोने माझ्या ताटात भाकरी आदळायला सुरुवात केली. तिच्याकडूनच कळलं, की कडोदऱ्यावाल्याने त्याला माणूस पाठवून बोलावलं होतं, जास्त पगार देतो म्हणून. हा गेला नाही. मला वाटलं, शरम वाटली असेल. बायको म्हणाली, "शरम कसली? म्हणाले, त्याच्याकडे सगळे आडवं घासतात, तिथे जीव रमायचा नाही." आता कोसाडजवळ कोणाच्या तरी दुकानात जिन्याच्या रेलिंगला पॉलिश मारतो म्हणे. ज्याच्या टोकांनी जोडलेल्या पाइपांतून दूध वाहायचं होतं, तो आता लोकांच्या जिन्याचे कठडे चमकवतो. बरं झालं, असं मी मोठ्याने म्हणालो. बायकोने आणखी एक भाकरी आदळली.

मग यंदा धोंड्याचा महिना आला. अधिक महिन्यात सासूने जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, हा आमच्याकडचा रिवाज. त्यातून कोणाची सुटका नाही. लिंबायतला सासूबाईंच्या खोलीत आम्हा दोन्ही जावयांचे पाट शेजारी शेजारी मांडलेले, गुडघ्याला गुडघा लागेल असे. मी डावीकडच्या भिंतीकडे बघत होतो, तो उजवीकडच्या. सासूबाईंना आम्ही मामी म्हणतो. मामींनी तुपाची वाटी घेऊन दोघांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काय व्हयनं? दोन्ही जवाई मुका मुका बसनात!" मी मामींसाठी वर्कशॉपमध्ये बनवलेला स्टीलचा माठाचा स्टँड नेला होता, तो समोरच ठेवलेला होता. जेवता जेवता साडूने हात पुढे केला आणि नख स्टँडच्या जोडावरून हळूच फिरवलं. मग म्हणाला, माझ्याशी नाही, मामींशी, "मामी, स्टँड मजबूत आहे. दोन पिढ्या टिकेल. पण काडी आडवी घासलेली आहे." माझ्या तोंडात अख्खा धोंडा होता. नाहीतर मी सोडला नसता.

निघताना चपला घालायला वाकलो तर शर्टाच्या खिशात काहीतरी टोचलं. पुडी होती. तीच घडी. कधी घातली मला कळलंही नाही. माझ्या खिशात माझ्या नकळत हात घालणारा माणूस सुरतेत अजून जन्मायचा आहे, असं मी आजवर समजत होतो. वर्कशॉपवर येऊन ट्यूबलाइटखाली पांढऱ्या कागदावर ती उघडली. डेअरीच्या दिवशी त्याच्या पिशवीत राहिलेल्या काड्या होत्या, घासून लखलखीत केलेल्या. म्हणजे बघा, माझाच माल मला भेट दिला! वरून वराछाला जाऊन मला एक आयग्लास घ्यावं लागलं, कारण नुसत्या डोळ्यांना ते शेवटचं सपाट दिसत नाही. भाव करून घेतलं, पण घ्यावं लागलंच. आता दिसतं. प्रत्येक काडीवर आहे, कणभर, सगळीकडे सारखं.

तर साडूभाऊ, हे तुमच्यापर्यंत पोहोचेलच, तुमची मेहुणी पोहोचवेल. डेअरीचं काम गेलं त्याचं उत्तर तुम्ही मला द्यायचं आहे. पोरं पुढच्या ग्राइंडरवर काड्या घासतात, त्याच छिन्नीच्या चाकावर, आणि आडव्या घासतात. त्याचंही उत्तर तुम्हीच द्यायचं आहे, कारण खिडकीखालची तुमची घंटी मी चादर टाकून झाकून ठेवली आहे आणि तिला कोणाला हात लावू देत नाही. पुडीतली एकही काडी मी वापरायला दिलेली नाही. त्या संपल्या तर मी काय बघायचं, हेही जरा सांगा. आणि हे सगळं मामींच्या हाती निरोप पाठवून चालणार नाही. इथे या, गादीवर बसा, चाक सुरू करा, आणि माझ्या तोंडावर उत्तर द्या.